प्रश्न क्र. ७ : "नवी प्रणाली वापरायला सोपी वाटली" (बँकवाल्यांनो, जरा मदत करा)

जुनी_खतावणी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझ्या बहिणीची नात पुण्यात एमबीए करतेय. तिच्या प्रकल्पाचा विषय "इलेक्ट्रॉनिक बँकिंगच्या स्वीकाराबाबत बँक कर्मचाऱ्यांचा दृष्टिकोन". घरात बँकवाला मी एकटाच, त्यामुळे बत्तीस प्रश्नांची ऑनलाइन प्रश्नावली सगळ्यात आधी माझ्याच गळ्यात पडली. प्रत्येक विधानापुढे पाच गोल : पूर्ण असहमत, असहमत, तटस्थ, सहमत, पूर्ण सहमत. सहा प्रश्न भराभर भरले. सातव्यावर अडकलो तो दोन दिवस तिथंच आहे. "नवी प्रणाली वापरायला मला सोपी वाटली."

कुठली नवी? मी १९७९ साली सातारा जिल्ह्यातल्या एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत क्लार्क म्हणून चिकटलो आणि नोव्हेंबर २०१६ ला निवृत्त झालो. तेवढ्यात नवी प्रणाली तीनदा आली. १९८९ ला लेजर पोस्टिंगचं (खातेवहीतल्या नोंदी करणारं) मशीन, २००६ ला कोअर बँकिंग (सगळ्या शाखांची खाती एकाच सर्व्हरवर), आणि शेवटी मोबाईल.

मशीनच्या आधीचं सांगतो. सेव्हिंगची लेजरं म्हणजे कापडी बांधणीचे ठोकळे. दर महिन्याला एकेका लेजरमधल्या शिलकी उतरवायच्या, बेरीज मारायची आणि जनरल लेजरच्या आकड्याशी जुळवायची. ती पहिल्या झटक्यात जुळल्याचं मला आठवत नाही. मग फरक शोधत बसा. आमच्या हेडक्लार्कांना अख्खी शाखा अण्णा म्हणायची. अण्णा फरकाचा आकडा ऐकला की आधी नऊने भागून बघायचे. एकदा १८ रुपयांसाठी आम्ही तीन रात्री बसलो होतो. अण्णा रजेवरून आले, म्हणाले, "नऊने जातो म्हणजे कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत. भागाकार दोन आला, म्हणजे दोनाचा फरक असलेली जोडी बघा. २४ चे ४२, ३५ चे ५३, असलं काहीतरी." वीस मिनिटांत सापडलं. एका शिक्षिकेच्या खात्यात ३५ चे ५३ झाले होते. आणि लिहिणारा मीच.

नऊने भाग गेला नाही तर अण्णा आकडा निम्मा करायचे आणि त्या रकमेचं व्हाउचर शोधायला लावायचे. नावे टाकायचं ते जमेला पडलं की फरक दुप्पट येतो ना, म्हणून.

मशीन आल्यावर पहिल्या महिनाअखेरीला बटण दाबलं, कागद बाहेर आला, आकडा जुळलेला. अण्णांनी कागद हातात घेतला, दोनदा वाचला, घडी करून परत दिला. त्यानंतर १९९४ ला निवृत्त होईपर्यंत ते आवक-जावक रजिस्टरवर बसले. मशीनला त्यांनी हात लावला नाही.

मी मात्र उडी मारून गेलो. खोटं कशाला बोलू, गेट मीटिंगला संगणकाच्या नावानं मुर्दाबाद ओरडणारा मी, आणि त्याच वर्षी मशीनच्या स्पेशल अलाउन्ससाठी अर्ज टाकणाराही मीच.

तर आता सांगा, पाचातला कुठला गोल काळा करू? आणि तुम्ही काय केला असता?

---

तीन_नंबरची_खिडकी

काका, मी दादरच्या एका शाखेत टेलर होते, म्हणजे खिडकीवर पैसे देणारी-घेणारी. २००१ मध्ये व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेऊन बाहेर पडले. तेव्हा पंधरा वर्षं नोकरी किंवा चाळीस वय असलं की अर्ज करता येत होता, आणि सरकारी बँकांमधून लाखभर माणसं त्या एका लाटेत गेली.

लोक विचारतात, कॉम्प्युटरला घाबरून सोडलीस का? घाबरले नव्हते. पण एक गोष्ट कुठल्या सर्व्हेत येत नाही ती लिहिते. मला नुकता बायफोकल लागला होता. लेजर खाली टेबलावर असतं, त्यामुळे चष्म्याच्या खालच्या भिंगातून ते नीट दिसायचं. स्क्रीन समोर, वर. खालच्या भिंगातून बघायचं तर मान मागे टाकायची. दिवसभर आकाशातलं विमान बघितल्यासारखी बसायचे. मानेला पट्टा लागला. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "मॅडम, इतरांना कसं जमतं?" इतर म्हणजे पंचवीस वर्षांची पोरं.

स्क्रीन सहा इंच खाली घेतला असता तर मी कदाचित अजून दहा वर्षं राहिले असते. माझ्यासाठी तटस्थ.

---

धुळीचा_खडू

मान!! माझ्या बाबांचं अगदी हेच. ते मॉनिटर स्टूलवर ठेवून काम करायचे.

---

कलम_अठरा

धागा चांगला आहे, पण "संगणकाला कर्मचाऱ्यांनी विरोध केला" हे पालुपद सुरू व्हायच्या आत थोडं बोलतो. मी तीस वर्षं युनियनचं काम केलं.

बँकांच्या यांत्रिकीकरणासाठी रंगराजन समिती नेमली १९८३ ला, अहवाल आला १९८४ ला. त्याच १९८३ मध्ये बँकांची संघटना आणि युनियन यांच्यात यांत्रिकीकरणाचा पहिला करार झाला. मग १९८७ चा, मग १९९३ चा. म्हणजे मशीन शाखेत पोचायच्या आत तीन गोष्टी कागदावर होत्या : कुठे आणि किती मशीनं, ती चालवणाऱ्याला भत्ता किती, आणि यापायी कुणाची नोकरी जाणार नाही. याला विरोध म्हणायचं असेल तर म्हणा. मी त्याला घासाघीस म्हणतो. भाजी घेताना आपण करतो तीच.

खतावणी साहेबांनी मुर्दाबाद आणि अर्ज एकाच वर्षात केला त्यात लाजण्यासारखं काही नाही. मुर्दाबाद ओरडलो म्हणून तर भत्ता मिळाला.

भत्त्यावरून सेवाज्येष्ठतेची भांडणं झाली ती मात्र आमची चूक. ज्येष्ठ म्हणून ज्याला मशीन मिळालं त्याला शिकायचं नसायचं, आणि ज्याला शिकायचं होतं तो डिस्पॅचला पाकिटं चिकटवत बसायचा.

---

बॅच_फेल

कलम_अठरा, नोकरी गेली नाही कुणाची, मान्य. पण जागाही भरल्या नाहीत कितीतरी वर्षं. आमच्या पिढीला बँकेची जाहिरातच दिसली नाही. करार आत असलेल्यांसाठी होता, दाराबाहेरच्यांसाठी कुणी सही केली?

---

कलम_अठरा

बरोबर आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

---

बॅच_फेल

अरे, एवढ्या लवकर मान्य? मी भांडायला बाह्या सरसावून बसलो होतो.

बरं, आता पलीकडच्या बाजूनं लिहितो. बँकेची जाहिरात निघाली नाही म्हणून मी सॉफ्टवेअरमध्ये गेलो आणि २००४ ते २००९ शाखा कोअर बँकिंगवर नेण्याच्या टीममध्ये होतो. शनिवारी दुपारी शाखा बंद झाली की डेटा उचलायचा, रात्रभर चढवायचा, रविवारी ताळा घ्यायचा, सोमवारी दहाला शटर वर. मराठवाडा, खानदेश, कोकण, मोजल्या नाहीत किती शाखा केल्या.

सगळ्यात मोठा घोळ माणसांच्या नावांचा. एकाच शाखेत "द. ग. पाटील", "डी जी पाटील", "पाटील दत्तात्रय गणपत" आणि "दत्तू गणपत पा." अशी चार खाती. एक माणूस की चार? सिस्टीमला प्रत्येक माणसाला एकच क्रमांक द्यायचा होता. जन्मतारीख बऱ्याच खात्यांना नव्हतीच, तिथं प्रोग्राम ०१/०१/१९०० टाकायचा. एका गावात त्या हिशेबानं साडेतीनशे माणसं शंभरी ओलांडलेली निघाली.

हे सोडवलं कुणी? आम्ही नाही. एका शाखेत एक काका होते, कीबोर्डकडे बघायलाही तयार नव्हते. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि यादी वाचत गेले. "हा आणि हा एकच. हा त्याचा चुलता. हा वारला, मुलगा पैसे काढायला येतो, त्याला वारसाचा फॉर्म द्यायचाय. हे दोघे जुळे, एकत्र करू नको." पहाटे चारपर्यंत. तुमच्या प्रश्नावलीत ते काका "पूर्ण असहमत" भरतील आणि आलेखात विरोधक म्हणून दिसतील.

आणि आमचं पाप : प्रशिक्षण दोन दिवसांचं. तेही जिल्ह्याच्या गावी, एका कॉम्प्युटरमागे तीन जण. एक चालवायचा, दोघे बघायचे. सोमवारी काउंटरवर त्या दोघांपैकीच कुणीतरी असायचा. सहा महिन्यांनी गेलो की तीच माणसं मेनूचे कोड आमच्यापेक्षा भराभर मारायची, ते वेगळं. पण पहिल्या पंधरवड्यात त्यांनी गिऱ्हाइकाच्या शिव्या खाल्ल्या त्या आमच्या वाट्याच्या होत्या.

---

खातेदार_बिचारा

सगळं ठीक, पण "लिंक नाही, उद्या या" हे वाक्य मी आयुष्यात जितक्यांदा ऐकलं तितक्यांदा स्वतःचं नाव ऐकलं नसेल. आणि सांगताना यांच्या चेहऱ्यावर जो आनंद असायचा!

---

जुनी_खतावणी

आनंद नव्हता हो, खातेदार. सांगतो ना. २००६ च्या आधी लिंक तुटणं ही भानगडच नव्हती. लेजर आमच्याच कपाटात. वीज गेली तर मेणबत्ती लावून पैसे दिलेत. कोअर बँकिंग आल्यावर खातं कुठल्यातरी लांबच्या सर्व्हरवर गेलं आणि शाखेच्या हातात राहिली गच्चीवरची तबकडी. पावसाळ्यात ती रुसली की समोर ओळखीचा माणूस, ज्याच्या खात्यात किती आहेत ते मला तोंडपाठ, आणि मी त्याला त्याचेच पैसे देऊ शकत नाही. दवाखान्याला हवेत म्हणून एक जण रडला होता. खिशातले आठशे दिले. दुसरं काय करणार.

म्हणून २००६ ला माझं उत्तर पूर्ण असहमत. बटणं अवघड नव्हती, बटणं आठवड्यात आली.

पण एक न्यायाची गोष्ट. पूर्वी सेव्हिंगचं व्याज महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर लागायचं. अकरा तारखेला कुणी पैसे भरले, त्या महिन्याचं व्याज नाही. पंचवीसला थोडे काढले, तरी तेवढ्यावरचं गेलं. हाताने प्रॉडक्ट (शिल्लक गुणिले काळ, व्याजासाठी) काढायचे म्हणून हा नियम सोयीचा, गिऱ्हाइकाचं नुकसान. जून-डिसेंबरला आम्ही ते प्रॉडक्ट काढत रात्री जागवल्यात. १ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेनं रोजच्या शिलकीवर व्याज द्यायला लावलं. सगळी खाती मशीनवर होती म्हणूनच ते करता आलं. हाताने केलं असतं तर मी पहिल्या आठवड्यात राजीनामा दिला असता.

---

गटसचिव_उस्मानाबादी

(गावाचं नाव बदललंय ठाऊक आहे, आयडी जुना आहे.)

तुम्ही लोक आठवणी काढताय, आमच्याकडं ते आत्ता चालू आहे. मी विकास सोसायटीचा, म्हणजे गावात पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेचा गटसचिव, तीन संस्था माझ्याकडं. केंद्रानं २०२२ ला सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना काढली, देशभरातल्या ६३ हजार संस्था, अडीच हजार कोटींच्या वर खर्च. त्यात आमचाही नंबर लागला. संगणक आला, प्रिंटर आला. रजिस्टर मात्र बंद झालं नाही. आधी खतावणीत लिहायचं, मग तेच संगणकात. कुणी विचारलं कशाला, तर लेखापरीक्षकाला वही लागते म्हणे. काम दुप्पट, पगार तोच, तोही वसुली झाली तर.

पण खरं दुखणं सांगू का? मार्चमध्ये आमच्याकडं नवं-जुनं होतं. शेतकऱ्यानं पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरलं तर व्याजाची सवलत. त्याच्याकडं तेव्हा पैसा कुठला? मग कागदावर जुनं भरल्याचं दाखवायचं, नवं उचलल्याचं दाखवायचं, फक्त व्याज रोख घ्यायचं. गावात सगळ्यांना माहीत, तालुक्याला माहीत, वर माहीत. वहीत हे चार ओळींत बसायचं. एखादा २ एप्रिलला आला तरी ३१ च्या तारखेत बसवायचो, गरीब माणूस, जाऊ दे.

संगणक ३१ च्या रात्री दार लावतो. २ एप्रिलला आलेला थकबाकीदार. त्याचा बाप माझ्या बापाचा सोबती, तो संगणकाला बोलत नाही, मला बोलतो.

आता माझा "दृष्टिकोन" काय म्हणून लिहायचा? लबाडी बंद झाली म्हणून बरं वाटावं की काय?

---

तीन_नंबरची_खिडकी

गटसचिव, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

---

ओटीपी_सांगू_नका

मी २०१८ च्या बॅचची, सध्या विदर्भातल्या एका शाखेत. आमच्या पिढीला कॉम्प्युटरची भीती वगैरे काही नाही, त्याच्याशिवाय बँक असते हे आम्ही फक्त या धाग्यात वाचतो. आमचं वेगळं आहे.

एक, टार्गेट. रोज किती जणांना मोबाईल अ‍ॅप सुरू करून दिलं याचा आकडा संध्याकाळी ग्रुपवर टाकायचा. पासबुक भरायला आलेल्या आजींचा फोन घेऊन मीच अ‍ॅप टाकते, मीच पिन ठेवायला सांगते, आजी विचारतात "तूच ठेव बाई एखादा". आकडा झाला. आजी घरी जाऊन अ‍ॅप उघडत नाहीत, आणि उघडू नयेत असं मला मनातून वाटतं, कारण महिन्याला एक तरी माणूस फसवला जाऊन रडत माझ्याचकडे येतो. म्हणजे सकाळी मी अ‍ॅप घ्या म्हणते आणि दुपारी कुणावर विश्वास ठेवू नका म्हणते.

दोन, यूपीआयचे अडकलेले पैसे. गिऱ्हाईक दुसऱ्याच कंपनीचं अ‍ॅप वापरतो, पैसे कापले जातात, समोर पोचत नाहीत. माझ्या स्क्रीनवर फक्त "नावे" दिसतं. पुढे कुठं अडकलं ते मला दिसतच नाही. तक्रार टाकते आणि थांबा म्हणते. खातेदार_बिचारा, तेव्हाही माझ्या चेहऱ्यावर आनंद नसतो.

तीन, आणि हे खरं. लॉगिन माझं, म्हणजे चौकशी माझ्यावर. २०१८ ला पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाऊस शाखेचं, नीरव मोदीचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा मी नुकती लागले होते. स्विफ्टवरून (बँकांची आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणा) भारतीय बँकांच्या परदेशी शाखांना हमीपत्रं जात होती आणि कोअर बँकिंगमध्ये त्यांची नोंदच नव्हती, कारण दोन्ही प्रणाली एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. मग रिझर्व्ह बँकेनं तारीख ठरवून जोडायला लावल्या. त्याच आठवड्यात माझ्या शाखेत मी काय बघितलं? साहेबांचा पासवर्ड कॅलेंडरच्या मागं पेन्सिलनं लिहिलेला. साहेब जेवायला गेले की ज्येष्ठ क्लार्क त्यांच्या नावानं पासिंग करायचे, म्हणजे व्यवहार मंजूर करायचे, रांग थांबू नये म्हणून. वाईट हेतू कुणाचाच नाही. मी कॅलेंडर फिरवून ठेवलं तर दोघंही माझ्यावर चिडले.

आता अंगठा लावून लॉगिन आहे. साहेब जेवायला गेले की रांग थांबते.

---

मोंबासा_मेल

नैरोबीहून. मी बँकेत नाही, एका कारखान्याचे हिशेब बघतो, पण रोज बँकेत जाणं असतं. इथं मार्च २००७ ला एम-पेसा आलं. टेलिफोन कंपनीचं, बँकेचं नव्हे. (पेसा म्हणजे आपला पैसाच. शब्द समुद्रावरून आपल्याच बाजूनं गेलाय.) टपरीवाल्याकडे रोख द्यायची, फोनमध्ये शिल्लक येते, गावाकडे पाठवायची. सुरुवातीला ओळखीचे बँकवाले हसायचे, टपरीत कोण पैसे ठेवणार म्हणून. पुढे बँकांचा दबाव वाढला आणि २००८ च्या डिसेंबरात अर्थमंत्र्यांनी तपासणी लावली. मध्यवर्ती बँकेनं काही गैर नाही म्हणून सांगितलं. हसणाऱ्यांपैकी दोघे आता स्वतः एजंट नेमायच्या खात्यात आहेत. तुमच्याकडे यंत्र बँकेच्या आतून आलं, इकडे बाहेरून आलं. त्यामुळे भत्त्याची घासाघीस करायला कुणाला वावच मिळाला नाही.

---

प्रश्नावलीवाली

नमस्कार, ती नात मीच. आजोबांनी लिंक पाठवली. एवढं सगळं वाचून आधी पोटात गोळा आला.

प्रश्न माझे नाहीत, हे सांगून ठेवते. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये एक मांडणी केली, की माणूस नवं तंत्रज्ञान स्वीकारतो ते दोन गोष्टींवरून : ते उपयोगाचं वाटतं का आणि सोपं वाटतं का. सगळे प्रकल्प तेच वापरतात. आमच्या सरांनीही तेच दिलं.

---

जुनी_खतावणी

१९८९? म्हणजे तिकडे तो माणूस हे लिहीत होता तेव्हा इकडे अण्णा कागदाची घडी करत होते.

---

कलम_अठरा

पोरी, उपयोगाचं "कुणाच्या" हे विचारलंय का त्यात?

---

प्रश्नावलीवाली

"माझ्या कामासाठी" असं आहे. गटसचिव काकांचं काम म्हणजे काय, हे नाही विचारलेलं. सरांना विचारून शेवटी एक मोकळी जागा घालते : "प्रणालीमुळे तुम्हाला करता येईनासं झालेलं एखादं काम लिहा." तेहतिसावा प्रश्न.

---

बॅच_फेल

हा प्रश्न आमच्या टीमला २००४ ला कुणी विचारायला हवा होता. खतावणी काका, तिसऱ्या वेळचं राहिलं तुमचं. मोबाईलचं.

---

जुनी_खतावणी

राहिलं खरं. मोबाईलचं सांगायला गेलं की नोटाबंदीच आठवते. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री टीव्ही बघितला तेव्हा माझे बावीस दिवस उरले होते. निरोप समारंभाचा हॉल रद्द केला. दोन हजारची नोट आकारानं लहान, एटीएमच्या खणात बसेना, यंत्रं दुरुस्त होईपर्यंत सगळा भार काउंटरवर. बँका उघडल्यावर नोटा मोजायचं आमचं मशीन दुसऱ्या दिवशी तापून बंद पडलं. मग ओला स्पंज घेऊन बसलो आणि हाताने मोजल्या, १९७९ सारख्या. शेजारी बसलेला नवा मुलगा बघत राहिला. त्याला बंडल कसं धरायचं ते शिकवलं, आणि रांगेतल्या दुकानदारांच्या फोनवर अ‍ॅप टाकून कसं द्यायचं ते त्यानं मला शिकवलं. ३० तारखेला रात्री नऊला नारळ दिला, १ डिसेंबरला महिनाभरासाठी परत बोलावलं. त्या वेळेसाठी सहमत. पूर्ण नाही, नुसतं सहमत.

तर १९८९ पूर्ण सहमत, २००६ पूर्ण असहमत, २०१६ सहमत. तिन्ही गोल आत्ताच काळे करायला गेलो.

---

प्रश्नावलीवाली

आजोबा, तो फॉर्म तसा घेणार नाही.

---

जुनी_खतावणी

नाहीच घेत. लाल अक्षरांत आलंय, "कृपया एकच पर्याय निवडा."

तू कागदावर छापून पाठव. तीन ठिकाणी खुणा करतो, प्रत्येकीपुढे साल घालतो आणि खाली पूर्ण सही करतो.